ड्रायव्हरच्या गळ्यातला हार

आईनं शिवलेल्या ब्लाउजांना दोन वेगवेगळ्या लांबीच्या बाह्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा डोळ्यांचा विषय निघाला. आधी तिनं कापडाला दोष दिला, मग कात्रीला, शेवटी गिऱ्हाइकाला. "त्या बाईचा एक हातच आखूड हाय," असं ती छातीठोकपणे सांगायची. वाडीतल्या बायका सोशिक. एकीनं तर तो ब्लाउज वर्षभर घातला आणि आखूड बाहीकडचा पदर कायम ओढून घेतला. पण नवं कापड घेऊन येणाऱ्या बायका हळूहळू कमी व्हायला लागल्या.

आमची वाडी मांडवगण फराट्याच्या अलीकडे. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. गाळप बंद झालं की ते घरी, आणि घर आईच्या मशीनवर. शाळेत जाण्याआधी मी मशीनच्या सुईत दोरा ओवायची, हातशिलाईच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. दुपारी दोरा तुटला की आईचं काम तिथंच थांबे. मी परत येईपर्यंत ती मशीनपुढे नुसती बसून असायची. मला तिचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. आईला दिसेनासं झालं तर आम्ही खाणार काय, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

दौंडच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशनचा खर्चही सांगितला. "एवढ्यात नवी मशीन येती की," आई म्हणाली. जसं काही नव्या मशीनला स्वतःचे डोळे असतात! विषय तिथंच संपला.

मग एका कारखानदाराच्या ट्रस्टनं आमच्या वाडीत डोळ्यांचं मोफत शिबिर ठेवलं. मोतीबिंदू निघाला तर ट्रस्टचीच गाडी पेशंटला दौंडला नेणार, ऑपरेशन फुकट, परत आणून सोडायचं तेही त्यांच्याकडेच. फक्त डॉक्टर चार वाजता निघणार होते. सकाळी दहापासून चारपर्यंत सगळी वाडी आरामात तपासून झाली असती.

पण आमच्याकडे सत्कार झाल्याशिवाय बोअरची मोटारसुद्धा सुरू होत नाही. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीचे चेअरमन, झालंच तर या सगळ्यांचे निवडणुकीत पडलेले विरोधक. एकाला शाल दिली आणि दुसरा राहिला, तर पुढची ग्रामसभा खुर्च्या फेकण्यात जाते. त्यामुळे दहा वाजता सुरू झालेले सत्कार दुपारचं ऊन कलायला लागलं तरी संपेनात. डोळ्यांचे डॉक्टर डोक्याला फेटा आणि मांडीवर नारळ घेऊन स्टेजवर अडकून पडले होते. समोर मांडवात म्हातारीकोतारी डोळे पुसत बसलेली. मी आईच्या शेजारी बसून डॉक्टरांच्या घड्याळाकडे बघत होते आणि मनातल्या मनात प्रत्येक वक्त्याला शिव्या घालत होते.

सगळ्यात मोठा हार ट्रस्टच्या साहेबांसाठी राखून ठेवला होता. तो आईनं घालायचा, असं सरपंचांनी ठरवलं.

"आबा, मला दिसत न्हाई ओ," आई म्हणाली.

"म्हणून तर तुम्ही, वैनी! ज्याला गरज हाय त्याच्याच हातनं बरं दिसतं. मधल्या खुर्चीतलं साहेब. सरळ चालत जायाचं."

साहेब बसले होते जीनची पँट आणि चुरगळलेला टी-शर्ट घालून. नेमका त्याच वेळी त्यांचा ड्रायव्हर त्यांना पाण्याची बाटली द्यायला स्टेजवर चढला. पांढरा शुभ्र कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. आईला स्टेजवर जे सगळ्यात जास्त पांढरं दिसलं त्याच्याकडे ती गेली आणि तो भला थोरला हार तिनं ड्रायव्हरच्या गळ्यात घातला. हलगी कडाडली. मांडवात टाळ्या पडल्या. फोटोग्राफरनं पटापट फोटो काढले.

सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडे दुसऱ्याच्या गळ्यातला हार आपण काढायचा नसतो. ज्याच्या गळ्यात आहे त्यानंच तो काढून टेबलावर ठेवायचा. सरपंच ड्रायव्हरला डोळ्यांनी खुणावत होते, पण ड्रायव्हर हात जोडून, डोळे मिटून उभा. सूत्रसंचालन करणारे हेडमास्तर हातातल्या कागदात डोकं घालून होते. त्यांनी मान वर न करता पुकारलं, "आता आपले प्रमुख पाहुणे सत्काराला उत्तर देतील!"

आणि ड्रायव्हरनं माइक हातात घेतला.

"मला आजवर लगीन सोडून कुणी हार घातला न्हाई," तो म्हणाला. "मावशी, तुमचं लई उपकार. आता मी काय देणार? माझ्याकडं हाय ती गाडीची चावी. डॉक्टर सायेब माझ्याच गाडीत जायाचेत. तुमच्या सगळ्यांचं डोळं तपासून हुईस्तवर मी गाडी सुरू करायचा न्हाई. बास."

एवढ्या टाळ्या सकाळपासून कुणालाच मिळाल्या नव्हत्या. साहेब आधी चपापले. मग फोटोग्राफर आपल्याकडे वळलेला दिसला, तसे तेही टाळ्या वाजवू लागले. डॉक्टर तर याचीच वाट बघत होते. त्यांनी नारळ उपसरपंचांच्या हातात कोंबला आणि फेट्यासकट स्टेजवरून खाली उडी मारली.

राहिलेले सत्कार थांबले, असं मात्र कुणी समजू नये. तपासणीची रांग एकीकडे आणि सत्कार दुसरीकडे, असं दोन्ही चालू राहिलं. डेअरीच्या चेअरमनना तर तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचताच मागून शाल पांघरली गेली. त्यांनी ती सावरत शेवटची ओळ चुकीची वाचली आणि त्यांना चष्मा लागला. अंधारून आल्यावर गाडी निघाली. तिच्यात आई होती. हार आरशाला लटकवलेला होता.

दौंडहून आल्यावर थोडे दिवस आई काळा चष्मा लावून बसली. एका सकाळी मी सवयीनं सुया ओवायला गेले, तर सगळ्या ओवलेल्या होत्या आणि आई मशीनवर बसून गाणं गुणगुणत होती. मी दप्तर तिथंच टाकलं आणि ढसाढसा रडले. इतके दिवस किती घाबरले होते, ते मला तेव्हा कळलं. "आता काय झालं रडायला?" म्हणून आईनं एक धपाटा घातला. आखूड बाहीवाली बाई त्याच आठवड्यात नवं कापड घेऊन आली.

शिबिराचा फोटो ग्रामपंचायतीत लागला होता. खाली 'प्रमुख पाहुण्यांचा सत्कार' असं लिहिलेलं आणि फोटोत ड्रायव्हर. आई तो बघायला गेली.

"आन् ह्यो कडंचा कोण, मोकळ्या गळ्याचा?"

"ते साहेब. पैसे त्यांनी दिले."

आईनं फोटोतल्या साहेबांवर बोट ठेवलं. "आगं बाई, त्यांनी डोळं दिलं आन् त्यांना कुणी हारच घातला न्हाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांना हार घालत बसलो असतो तर तू अजून सुया चाचपडत असतीस.

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा आलं. मांडव तोच, म्हातारीकोतारी तशीच बसलेली, शालींचं गाठोडं आधीच्यापेक्षा मोठं. हेडमास्तर माइक ठाकठीक करत होते. स्वागतगीतही अजून झालं नव्हतं, तोवर आई घरून आणलेला हार घेऊन उठली, स्टेजवर चढली, सरळ साहेबांपुढे गेली आणि हार त्यांच्या गळ्यात घातला. नंतर माइकजवळ असल्याचं भान न ठेवता ती म्हणाली,

"झाला सत्कार. आता उठा सायेब, मान्सं सकाळधरनं बसल्यात."

साहेब उठले. त्यांच्यामागून डॉक्टर उठले. शालींचं गाठोडं तसंच बांधलेलं राहिलं, आणि त्या दिवशी शेवटच्या म्हातारीचे डोळे चारच्या आत तपासून झाले. डेअरीचे चेअरमन पुढे कित्येक वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या घरातले ब्लाउज मात्र आईकडेच यायचे.