लेबल नसलेली मर्लो : औरंगाबाद ते चारठाणा

नापा खोऱ्यात जाऊन रेड वाइन कशी चाखावी याची माहिती तुम्हाला हवी तेवढी मिळेल. मी लिहितोय ते वेगळ्याच वाटेबद्दल. कॅलिफोर्नियाची मर्लो मी पहिल्यांदा चाखली ती जालना–जिंतूर रस्त्यावर, उन्हात उभ्यानं, एका पोलीस जमादारासमोर. तिची खरी चव मला त्या दिवशी कळली असं म्हणवत नाही. भीतीची मात्र कळली.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, अशी हवा होती. मी औरंगाबादला एका दैनिकात उपसंपादक होतो. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतरावरून दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा खेड्यांमधून येणाऱ्या तारा आणि फोन मीच उतरवून घेतले होते. दोन पानांचा मजकूर यायचा आणि जागा असायची चार ओळींची. जे छापलं ते वाचणारे विसरले, जे कापलं ते माझ्याकडे राहिलं. म्हणून माझी भीती इतरांच्या भीतीपेक्षा जास्त तपशीलवार होती.

अशा दिवसांत भास्कर वाघमारे आला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे तो परभणीला शेतकी शिकला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि आता नापामधल्या एका वायनरीत वेलीपासून पिंपापर्यंतचं सगळं बघत होता. घरी त्यानं ‘द्राक्षाच्या कंपनीत आहे’ एवढंच कळवलं होतं. मग एका पत्रातून एक फोटो गेला. त्यात मागे लाकडी पिंपं होती आणि भास्करच्या हातात लाल पेला. त्याचे वडील, वाघमारे गुरुजी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. मद्य पिणार नाही ही त्यातली प्रतिज्ञा त्यांनी स्वतः पाळली होती आणि दारोदार फिरून अख्ख्या वस्तीकडून पाळून घेतली होती. फोटो पोचल्यापासून त्यांचं पत्र आलं नव्हतं. तीन वर्षं.

“मी काय करतो ते दादांना एकदा दाखवायचंय,” भास्कर म्हणाला. “मग त्यांनी दार लावलं तरी चालेल. पण एकट्यानं जायचा धीर होत नाही. तू चल.”

मी हो म्हटलं आणि त्याच क्षणी पस्तावलो.

त्यानं तीन बाटल्या आणल्या होत्या आणि विमानतळावर त्यांची रीतसर ड्यूटी भरली होती. पिण्याचं परमिट माझ्याकडे होतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही माझ्या घरी पहिली उघडली, कॅबर्ने सोव्हिन्यॉ. पेला पाव भरायचा, दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग पाहायचा. हलकेच फिरवायचा. मग नाक आत घालून वास, आणि शेवटी घोट. तो गालांत घोळवायचा, थोडी हवा ओढून घ्यायची. कॅबर्ने घट्ट मुठीसारखी असते, लगेच उघडत नाही. जिभेच्या कडांवर हिरड्याचा तुरटपणा येतो, मागाहून काळ्या फळांची चव. भास्करनं प्रत्येक घोट घोळवला आणि शेजारच्या तसराळ्यात थुंकला. धंद्यातली रीत असेल असं मला वाटलं. मी प्यायलो.

पहाटे माझी झोप उडाली. रस्त्यावर बंदोबस्त असणार, पिशवीत विलायती दारू, वर इंग्रजी अक्षरं. कुणी बघितलं तर? भास्कर झोपला होता. मी उरलेल्या दोन्ही बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या आणि लेबलं सोलून काढली. मग बाटल्या माझ्याच पेपरच्या जुन्या अंकात गुंडाळल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसानं केलेली ही चूक. ती पुढे महागात पडणार होती.

भास्करनं बोडक्या बाटल्या पाहिल्या तेव्हा तो रागावला नाही. “डावीकडची मर्लो, उजवीकडची झिनफँडेल,” एवढंच म्हणाला.

आता रस्ता. औरंगाबाद–जालना–मंठा–चारठाणा फाटा. तेव्हा एस.टी.ला चार तास धरून चालायचं, आजही घाई करू नका. जालन्यात पोटभर खाऊन घ्या. आम्ही नुसता चहा घेतला, कारण बाजार अर्धा बंद होता आणि उघड्या दुकानांची दार लावायची फळकुटंही हाताशी तयार होती. बस अर्धी रिकामी. मंठ्यानंतर कंडक्टर प्रत्येक बाकापाशी येऊन म्हणाला, “खिडक्या लावून घ्या. दगड कुठून येईल सांगता येत न्हाई.” बाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती, सुरेख दिसत असणार. आम्ही ती काचेच्या फटीतून पाहिली. एका वळणावर वाट अडवायला तोडलेला लिंब रस्त्याच्या कडेला ओढून ठेवलेला दिसला, पानं अजून हिरवी होती.

पुढे जिल्ह्याच्या हद्दीजवळ नाका होता. एक जमादार आणि बंदूकवाला शिपाई. पिशव्या खाली उतरवायला लावल्या. कागद सुटला आणि दोन काळपट बाटल्या उन्हात आल्या.

“ह्यात काय हाय?” जमादार म्हणाला.

“वाइन. द्राक्षाची. अमेरिकेची आहे, ही पावती,” मी सांगितलं.

त्यानं पावती नीट वाचली. मग बाटल्या फिरवून फिरवून पाहिल्या. “पावतीत नावं हायत, बाटल्या बोडक्या. मंजी ह्या त्या न्हाईतच की. परवा असल्याच घावल्या. पेट्रोल भरलेलं होतं.”

लेबलं मी घाबरून काढली हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

“नाव?” त्यानं भास्करला विचारलं.

“भास्कर वाघमारे.”

“वाघमारे,” तो हळू म्हणाला. बसच्या खिडक्यांमधून बघणारे चेहरे आणखी गप्प झाले. त्या आडनावानंतर जी शांतता पसरली, ती मी आधी कितीदा तरी चार ओळींत बसवली होती. आज तिच्यात उभा होतो.

भास्करनं खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला. शिपाई पुढे सरकला. “हळू! ते काय हाय?” भास्करनं सावकाश मर्लोचं बूच काढलं. जमादारानं वास घेतला. “पेट्रोल न्हाई,” तो म्हणाला, पण बाटली परत दिली नाही. “तेजाब का विष, कुणी सांगावं? पिऊन दाखव.”

भास्करनं घोट घेतला. गालांत घोळवला. त्याचे डोळे मिटले, क्षणभर तो कुठे उभा आहे हे विसरला असावा. मग वाकून त्यानं तो मातीत थुंकला.

“थुकतो व्हय रे? मंजी विषच!”

शिपायानं बंदूक खांद्यावरून काढली. “भास्कर, गीळ,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “एक घोट. मी पाया पडतो.” त्यानं मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा राखेसारखा. तोही भ्यायला होता, माझ्याइतकाच. तरी गिळणार नव्हता.

मी बाटली ओढून घेतली आणि गटागटा प्यायलो. मर्लो मऊ असते असं म्हणतात. खरं आहे, कुठेही बोचत नाही. आधी पिकलेलं जांभूळ, मग एक सौम्य तुरटपणा, शेवटी लाकडाचा हलका वास. हे सगळं मला कळत होतं आणि माझे गुडघे थडथडत होते. सगळे माझ्याकडे टक लावून होते, मी कधी पडतो ते बघत.

“जमादारसाहेब,” कंडक्टर पायरीवरून ओरडला, “ते पडले न्हाईत अजून. उलट लालबुंद झालेत. जाऊ द्या, गाडीला लय उशीर व्हायलाय!”

कुणीतरी हसलं. जमादार नाही हसला, पण त्यानं बाटली परत दिली. “बाटलीला चिठ्ठी असती तर एवढं झालं नसतं,” तो मला म्हणाला.

आम्ही फाट्यावर उतरलो. बस धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर मी भास्करवर ओरडलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अकरा वर्षं तिथं आहे. दिवसाला चाळीस-चाळीस पेले चाखतो. एक घोट घशाखाली गेलेला नाही. चव तोंडात असते रे. खाली जाते ती नशा. प्रतिज्ञा मीही घेतलीय.”

“मग वडिलांना हे लिहिलं का नाहीस?”

“तूच सांग, पत्रात वाचून कुणाला खरं वाटलं असतं?”

चारठाण्याला जाणार असाल तर दोन तास हाताशी ठेवा. काळ्या दगडातली जुनी देवळं आहेत, एक उंच कोरीव स्तंभ एकटाच उभा आहे, त्याच्या पायथ्याशी बसलं की वारा चांगला लागतो. आम्ही तिथे बसलो ते मला चढलेली मर्लो उतरावी म्हणून. गुरुजींचं गाव तिथून दोन मैल, त्याचं नाव लिहीत नाही.

वस्तीच्या तोंडाशी चार माणसं काठ्या घेऊन बसली होती. भास्करला ओळखल्यावर उठली. आई दारातच होती. “आलास का रं लेकरा,” म्हणून तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि लगेच त्याच्यामागच्या रस्त्याकडे पाहिलं. “वाटंत काय झालं न्हाई ना?” गुरुजी आत खाटेवर ताठ बसले होते. मुलाकडे न बघता त्यांनी मला विचारलं, “रस्ता चालू हाय का?”

आईनं परडीत गरम हुरडा दिला, सोबत लसणाची चटणी आणि दही. हुरड्याचे दिवस म्हणजे पौष, या भागात यायचं तर तेव्हाच या. मी दोन मुठी खाल्ल्या असतील तोच भास्करनं पिशवीतून बाटल्या काढून जमिनीवर ठेवल्या.

“माझ्या घरात?” गुरुजी माझ्याकडेच बघत म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मग मी नाक्यावरचं सगळं सांगितलं, लेबलांसकट. गुरुजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “तुमी डोळ्यांनी पाहिलं? गिळली न्हाई?”

“नाही. समोर बंदूक होती, गुरुजी. मी पाया पडतो म्हणालो, तरी नाही.”

“आन् तुमी?”

“मी अर्धी बाटली प्यालो.”

“तुमाला कुठं प्रतिज्ञा हाय,” ते म्हणाले. हसू लपवायला आईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला. सगळे जिथल्या तिथे थांबले. आईनं पटकन परडीनं बाटल्या झाकल्या. आवाज वस्तीपाशी मंदावला, मग पुढे गेला. गुरुजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. नंतर त्यांनी स्वतःच परडी बाजूला केली. “दाखव,” ते म्हणाले. तीन वर्षांत मुलाशी बोललेला पहिला शब्द.

काचेचा पेला घरात नव्हता. भास्करनं स्टीलच्या फुलपात्रात बोटभर मर्लो ओतली आणि फिरवून वडिलांच्या हातात दिली. “प्यायची न्हाई दादा. नुसता वास घ्या.”

“वास घेऊ नये असं प्रतिज्ञेत न्हाई,” गुरुजी म्हणाले. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ वास घेतला. “जांभूळ. पिकून खाली पडलेलं.” परत घेतला. “आन् लाकूड. शाळेत नवे बाक आले की वर्गात यायचा तसा वास. साग न्हाई हा.”

“ओक. पिंपं त्याची असतात.” भास्कर पुढे सरकून बसला. “हे ओळखायला आमच्याकडं लोकांना वर्ष लागतं, दादा.”

गुरुजींनी फुलपात्र खाली ठेवलं. “तू गिळत न्हाईस, ठीक. तू बनवलेली जे गिळतात, त्यांचं काय?”

भास्कर बाटलीचं बूच बोटांत फिरवत राहिला.

“पुढच्या टायमाला येशील तवा उत्तर घेऊन ये,” गुरुजी म्हणाले. आईनं हे ऐकलं आणि ती घाईनं चुलीकडे गेली. पुढचा टाइम आहे, हे तिला कळलं होतं.

उरलेली मर्लो गुरुजींनी परसातल्या लिंबोणीला घातली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो. “भरलेली घरात ठेवणार न्हाई, तुमी घेऊन जा,” म्हणत त्यांनी झिनफँडेल पुढे केली आणि लगेच मागे घेतली. “अशी बोडकी नका नेऊ.” त्यांनी वहीचा कागद कापला, मुलाला नाव दोनदा उच्चारायला लावलं आणि शाळामास्तराच्या वळणदार अक्षरात लिहून खळीनं चिकटवलं.

नाक्यावर तोच जमादार होता. या वेळी बाटली मीच काढून दिली. त्यानं मोठ्यानं वाचलं. “झिनफँडेल. कॅलिफोर्नियाची दारू. करणार, भास्कर किसन वाघमारे.” कागदावरून बोट फिरवलं. “किसन कोण?”

“वडील. त्यांनीच लिहिलंय.”

“आता कसं,” तो म्हणाला आणि बाटली पिशवीत ठेवली.

झिनफँडेल मी घरी येसर मसाला घातलेल्या मटणाबरोबर उघडली. मिऱ्याचा ठसका आणि मुरांब्यासारखं गडद फळ. मराठवाड्याच्या तिखटापुढे टिकणारी रेड वाइन शोधत असाल तर ही घ्या. मर्लोसाठी साधं जेवण हवं, हुरडा सगळ्यात उत्तम. आता दोन्ही सहज मिळतात. पण मर्लोचा पहिला घोट घेताना अजूनही माझे गुडघे आधी ओळखतात, जीभ नंतर.

भास्कर त्यानंतर दर दोन वर्षांनी येत राहिला. दर वेळी उत्तर अपुरं ठरायचं आणि गुरुजी पुढची तारीख द्यायचे. झिनफँडेलची ती रिकामी बाटली माझ्या टेबलावर आहे. कागद पिवळा पडलाय, शाई उडालीय. ‘किसन’ हे आपलं स्वतःचं नाव लिहिताना गुरुजींनी टाक जरा दाबून धरला असावा. तेवढं अजून स्पष्ट वाचता येतं.