प्रयागबाईच्या खोलीत पोचलेलं लग्न

‘जमत नाही’ हे दोन शब्द चंपतरावांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. कन्हानच्या पलीकडं एका खेड्यात सातवी शिकलेला हा माणूस. इतवारीत रेडिओ दुरुस्त करता करता टीव्हीवर आला, आणि नागपुरात रंगीत टीव्ही नवलाचे होते तेव्हाच लग्नाचं शूटिंग करायला व्हिडिओ कॅमेरा घेऊन बसला. एकदा एका बंद पडलेल्या रेडिओत त्यांना पालीची अंडी सापडली. ती त्यांनी अलगद कोनाड्यात ठेवली आणि मालकाला सांगितलं, आत बाळंतीण होती, म्हणून वाजत नव्हता. असा सगळा कारभार.

तर झालं काय, त्यांच्याच गल्लीतल्या बाबारावांच्या प्रेमिलाचं लग्न ठरलं. प्रेमिलाची आई लवकर गेलेली. पोरीला वाढवलं बाबारावांच्या थोरल्या बहिणीनं, प्रयागबाईनं. आणि नेमकी लग्नाच्या तोंडावर प्रयागबाई न्हाणीत घसरली. पाय मांडीपासून प्लास्टरात, खोली माडीवर, आणि जिना इतका अरुंद, की गव्हाचं पोतंसुद्धा उभं धरून न्यावं लागे. लग्न गल्लीच्या टोकाला, धर्मशाळेच्या आवारात. बाबारावांनी बहिणीची समजूत काढली, की चंपतराव शूटिंग करणारच आहेत, संध्याकाळी कॅसेट दाखवू.

“कॅसेट म्हणजे शिळं,” प्रयागबाई म्हणाली. “पोरगी हार घालन तवाच मले दिसली पायजे. लग्न होऊन गेल्यावर काय पाहू?”

प्रेमिलानं तर आत्याला दिसणार नसेल तर पाटावर उभीच राहत नाही म्हणून सांगितलं. बाबाराव धावत चंपतरावांकडं गेले. चंपतरावांनी मात्र सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं, की लग्न जसं तिकडं लागेल तसं इकडं दिसेल.

आधी हे त्यांनीही कधी केलेलं नव्हतं. पण डोक्यात गणित पक्कं होतं. कॅमेऱ्याचं चित्र तेव्हाच्या टीव्हीला जसंच्या तसं कळत नाही. ते आधी व्हीसीआरमध्ये घालायचं, तिथं ते टीव्हीला समजेल असं होतं, मग केबलीतून पाठवायचं. बाबारावांना त्यांनी हे कापसावर समजावलं: मोकळा कापूस रेल्वेत चढतो का? त्याची गाठ बांधावी लागते. व्हीसीआर म्हणजे आपली गाठी बांधायची प्रेस.

प्रयागबाईच्या खोलीत टीव्ही मांडला आणि धर्मशाळेपासून माडीपर्यंत छपरांवरून केबल टाकली. सोबत एक मायक्रोफोनची वायरही ओढली, म्हणजे चंपतरावांना खोलीत टीव्हीपाशी बसल्या बसल्या, मांडवात कॅमेरा धरणाऱ्या शरच्चंद्राला, म्हणजे त्यांच्या मेहुण्याला, सूचना देता याव्यात. ती वायर जोडायला मांडवात एकच जागा होती, लाउडस्पीकरची. तिथंच जोडली.

मग चंपतराव टीव्हीचं बटण केसाएवढं केसाएवढं फिरवत बसले. आधी नुसत्या मुंग्या, मग आडव्या रेघा, आणि एकदम बाबाराव उमटले. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला सांगितलं होतं, तर ते फोटोला राहतात तसे छाती काढून, श्वास रोखून उभे.

“चंपत, हा जिता हाये नं गा?” प्रयागबाईनं विचारलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात न मावलेल्या बायका झाडून माडीवर आल्या. येताना प्रत्येकीनं मूठभर अक्षता आणल्या, ओल्या हळदीत पिवळ्या केलेल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. चित्र काचेसारखं स्वच्छ. चंपतराव मायक्रोफोनवरून हुकूम सोडत होते, आणि सगळा मांडव ऐकत होता, की डावीकडं घे, नवरदेवाच्या मामाचं पोट मधात येऊन राहिलं. मामा दोनदा सरकले.

अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक संपलं, ‘सावधान’ झालं, आणि खोलीतल्या साऱ्या बायकांनी लग्नात टाकतात तशा अक्षता टाकल्या. कुठं टाकणार? नवरा-नवरी टीव्हीत, म्हणून टीव्हीवर. टीव्हीच्या डोक्यावर हवेसाठी फटी असतात. आत चरचर झालं, एक जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

लाउडस्पीकरवर भटजींचं दुसरं अष्टक ऐकू येत होतं. चंपतरावांनी प्लग ओढला, मागचं झाकण उघडलं. आत हळदीचे तांदूळ आणि उडालेला फ्यूज. “होऊन जाते,” ते म्हणाले, “फक्त वेळ पायजे.”

प्रयागबाईनं हात लांब करून मायक्रोफोन घेतला.

आमच्याकडं रीत अशी, की मंगलाष्टक म्हणायचा मान कुणाही नातेवाइकाला. आणि कुणी म्हणू लागलं की ते पुरं होईस्तोवर अंतरपाट खाली येत नाही, मग मुहूर्त कितीही घाईचा असो. भटजींचं संपलं तशी मांडवातल्या कर्ण्यांतून प्रयागबाई सुरू झाली. जागच्या जागी रचत गेली. प्रेमिलाच्या पहिल्या पावलापासून धरलं. गोवर घेतला, शाळेत जायचा कंटाळा घेतला, चोरून खाल्लेली चिंच घेतली. मांडव हसू लागला. व्याह्यांकडचे घड्याळं पाहू लागले, पण आत्याच्या अष्टकाला अडवणार कोण? अंतरपाटामागं प्रेमिला हसत होती आणि डोळे पुसत होती, हे शरच्चंद्रानं नंतर सांगितलं.

इकडं चंपतरावांनी टीव्ही उपडा करून झाडला, फडक्यानं पुसला, नवा फ्यूज बसवला आणि बटण दाबलं. आवाज लगेच आला. चित्राची नळी तापायला वेळ घेते. प्रयागबाई चिंचेवरून मेंदीवर आली. पडद्यावर राखाडी उजेड, मग रंग, मग अंतरपाट. चंपतरावांनी मान डोलावली. तिनं ‘सावधान’ असं खणखणीत म्हटलं, की कबुतरं उडाली.

अंतरपाट खाली आला. बायकांच्या मुठी पुन्हा वर गेल्या, तसे चंपतराव टीव्हीवर आडवे झाले. पाठीवर, मानेवर, कॉलरीत अक्षतांचा सडा. प्रेमिलानं हार घातला, आणि नवऱ्याकडं पाहायचं सोडून थेट कॅमेऱ्याकडं पाहून हात जोडले.

“चंपत,” प्रयागबाई डोळे न पुसता म्हणाली, “तुह्या डोक्यानं जावई झाकून राहिला. सरक गा जरासा.”