आबांचं कंपाउंड

आबांच्या बंडीच्या खिशात कायम काटे आणि खडे असत. लग्नाच्या पंगतीत बसायचं झालं तरी ते आधी पाटाखालची जमीन हाताने चाचपायचे आणि सापडेल तो खडा खिशात टाकायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. आम्हाला ठाऊक होतं की हा माणूस जिथे जाईल तिथे त्याला मैदानच दिसतं. आम्ही पोरं अनवाणी फुटबॉल खेळायचो आणि मैदानाच्या कडेने सगळ्या बाभळी. रोज सकाळी तेलाच्या घाणीला बैल जुंपण्याआधी आबा कमरेत वाकून सगळं मैदान वेचून काढत. कुणी थट्टा केली तर म्हणायचे, "काटा पोऱ्यास्ना पायमा जावापेक्षा मना खिसामा बरा." बंडी धुताना त्यातला एखादा अक्कांच्या बोटात जायचा, आणि मग दुपारभर आमच्या क्लबचा उद्धार चालायचा. अक्का म्हणजे आबांची बायको.

आमचं गाव अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना लागतं. लागतं म्हणजे गाडीत बसलेला माणूस झोपला नसेल तर दिसतं. अशा गावात फुटबॉल आला तो आबांमुळे. तरुणपणी ते तेलाचे डबे घेऊन धुळ्याला जात. तिथे एकदा त्यांनी हा खेळ पाहिला, आणि येताना तेलाबरोबर अक्कलही विकून एक चेंडू घेऊन आले, असं अक्का सांगत. स्वतः आबांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही. "मी लाथ मारसू ते चेंडू ऱ्हाई नि धोतर जाई," असं त्यांचं म्हणणं. पण क्लब त्यांचा. मास्तर तेच, मालिशवाले तेच, आणि हरलो तर बोलणी खाणारेही तेच. आमच्या पोटऱ्यांना त्यांच्याच घाणीचं तेल लागायचं. डोळ्यांना झापडं लावलेला बैल घाणीभोवती फिरत असायचा, त्याच्याकडे बोट दाखवून ते आम्हाला बजावत, "मना बैल गोल फिरस. तुम्ही सरळ पळा."

चेंडूची त्यांनी जी बडदास्त ठेवली ती सख्ख्या जावयाचीही कुणी ठेवली नसेल. खेळ संपला की चेंडू पुसायचा, तेल चोळायचं आणि स्वयंपाकघरातल्या शिंक्यावर ठेवायचा, म्हणजे उंदीर कुरतडत नाहीत. मग दही खाली आणि चेंडू वर. "मनी सवत चामडानी शे," अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "तेल तिले, बोलनं माले." महायुद्ध सुरू झालं आणि चेंडूच्या आतला नवा ब्लॅडर मिळेना, तेव्हा आबा सायकलवाल्याकडे तासन्‌तास बसून जुन्याला ठिगळं लावून आणायचे. ठिगळांमुळे तो एका बाजूला जड झाला होता. सरळ मारला तरी डावीकडे वळायचा. परगावचे गोलकीपर याने चक्रावून जात, आणि आम्ही त्याला आमचं कसब म्हणत असू.

आता मैदानाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आमचं मैदान म्हणजे गावाची खळवाडी. सगळ्या गावाची धान्य मळण्याची जागा. पिढ्यान्‌पिढ्या शेणामातीने सारवून आणि बैलांच्या पायांनी तुडवून ती अशी टणक झाली होती की श्रावणातसुद्धा चिखल व्हायचा नाही. पावसाळ्यात खळवाडी रिकामी, तेव्हा ती आमची. पिकं आली की गावाची. गोलचे खांब बारा महिने उभे असत आणि मळणीच्या दिवसांत त्यांना बैल बांधत. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या साली आम्ही जिल्ह्याची खालची लीग जिंकलो. शेवटचा सामना अमळनेरला झाला. परत येताना गाडीत सगळे बेसूर गात होते आणि आबा एकटेच गप्प बसले होते. मी विचारलं, "आबा, आनंद झाला नाही का?" ते म्हणाले, "आते जळगाववाला आपला गावले येतीन." वरच्या लीगचा सगळ्यात मोठा संघ जळगावचा. बूट घालून खेळणारे, इस्त्रीचे शर्ट घालणारे. वरच्या लीगमध्ये गेलं की एक सामना त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे. आबांना ढाल नको होती, फोटो नको होता. त्या लोकांनी एकदा आमच्या मातीवर येऊन खेळावं, एवढंच त्यांना हवं होतं. इतक्या साध्या इच्छेला कुणी आडवं येईल असं आम्हाला वाटलं नाही.

आडवा आला तो नियम. लीगच्या कमिटीने कळवलं की वरच्या लीगमधल्या क्लबाचं मैदान चारही बाजूंनी बंदिस्त पाहिजे, त्याला फाटक पाहिजे आणि खेळाशिवाय दुसऱ्या कामाला ते वापरता कामा नये. कमिटीचे साहेब येऊन पाहणी करतील आणि मग ठरेल. आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "बरं. कुंपण त कुंपण."

वीट-चुन्याची भिंत आमच्या ऐपतीबाहेरची. पण माघात कापसाची शेतं मोकळी होतात आणि पऱ्हाट्यांचे, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या झाडांचे, ढीग पडतात. वर्षाचं सरपण तेच. घराघरातून पऱ्हाट्या आल्या. बाभळीचे खांब रोवले, आडव्या काठ्या बांधल्या आणि पुरुषभर उंचीचं कूड सगळ्या खळवाडीभोवती उभं राहिलं. बायकांनी त्याला आतून शेणामातीचा हात दिला. एका मोडक्या दाराचं, माणूस जाईल एवढं फाटक झालं. आबा त्या कुंपणाला मोठ्या तोऱ्यात कंपाउंड म्हणत. संध्याकाळी दिवा लागला की ते त्याच्याभोवती एक फेरी घालून येत, जणू आत कुणी लहान मूल निजलंय.

साहेब माघात येणार होते. आले नाहीत. फाल्गुन उजाडला. दादर पिकली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, गावाचं वर्षाचं अन्न. ती कापून झाली, कणसं खुडून झाली आणि ढीग शेतातच पडून राहिले. मळायचं कुठे? खळवाडीला कंपाउंड. पण एकाही माणसाने आबांना विचारलं नाही. पाटलांपासून सालदारापर्यंत सगळे म्हणत, "आबाना साहेब येई जाऊ द्या, मंग दखू." गावाने माझ्या आबांवर जे प्रेम केलं ते मला त्या पडून राहिलेल्या ढिगांवरून कळलं. आणि आबांनाही तिथेच ते कळलं असणार.

शेवटी निरोप आला की साहेब उद्या सकाळी येतात. त्याच दिवशी दुपार कलल्यावर मावळतीकडून ढग चढले. काळे, पोटात पाणी असलेले. आबा घाणीवरून उठले, बैल सोडला आणि थेट खळवाडीवर गेले. आम्ही खेळाडू फाटकापाशीच होतो, उद्यासाठी झाडलोट करत. आबांनी कुडाची एक पऱ्हाटी उपसली. मग दुसरी. काय चाललंय ते लक्षात यायला आम्हाला वेळ लागला. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "आबा, एक रात्र. फक्त उद्याची सकाळ जाऊ द्या."

"ढग काय नियम वाचतस का?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आत येवाले गाडीले वाट पाहिजे. सोड."

मी सोडला. मग आम्हीच ती बाजू पाडली. दिवस बुडायच्या आत गावातल्या गाड्या कणसं भरून आत आल्या आणि गोलच्या खांबांना बैल बांधले गेले. मिळतील तेवढी कणसं मळायची आणि उरलेली झाकून ठेवायची, असं चाललं होतं.

पाऊस पडलाच नाही. चार थेंब आले, धुळीचा वास सुटला आणि ढग सातपुड्याकडे निघून गेले. आमच्यातला एक जण चिडून म्हणाला, "आबा, उगीच पाडलं कुंपण." आबा त्याच्याकडे वळले. "नही पडना हाई बरंच झाये ना रे," ते म्हणाले. पाऊस पडला असता तर आपला निर्णय बरोबर ठरला असता, असला हिशेब त्यांच्या डोक्यात येतच नसे.

सकाळी साहेब आले तेव्हा मैदानाच्या मधोमध बैल फिरत होते आणि सुपांतून वारा दिला जात होता. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढली, उरलेल्या तीन बाजूंचं कूड पाहिलं आणि विचारलं, "आबा, कंपाउंडचं काय झालं?"

"कंपाउंड व्हतं, साहेब," आबा म्हणाले. "आज गाव मझार शे."

मझार म्हणजे आत, हे साहेबांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते कणसांच्या ढिगाशेजारी बसून आबांबरोबर कळण्याची भाकरी आणि ठेचा जेवले, अक्कांच्या हाताची तारीफ केली, आणि जाताना म्हणाले की मला जे दिसलं तेच मला लिहावं लागेल. आबा म्हणाले, "ल्हिवा ना. खोटं कसाले ल्हिवता?" आमची जागा दुसऱ्या क्लबाला गेली. उरलेलं कूड पावसाळ्याआधी चुलींत गेलं.

त्यानंतर आमचा क्लब हळूहळू उसवत गेला. चांगले खेळाडू पोटापाण्यासाठी बाहेर पडले. मला जळगावला डाळीच्या गिरणीत नोकरी लागली आणि लेफ्ट हाफ म्हणून मला त्याच बूटवाल्या संघाने घेतलं. भीत भीतच सांगायला गेलो. आबांनी मात्र घरातून तेलाची बाटली आणून हातात दिली आणि म्हणाले, "बूट घाल, पन पाय इसरू नको."

एकदा ते माझा खेळ बघायला जळगावला आले. पक्की भिंत, लोखंडी फाटक. आबांनी भिंतीवर पंजा टेकून पाहिला. सामना संपल्यावर मी त्यांची आमच्या कप्तानाशी गाठ घालून दिली. आबांनी हात जोडले. "एक डाव आमना गावले या."

कप्तान अदबीने बोलला. "आबा, आलो असतो. पण तुमचं मैदान बंदिस्त नाही. तिथला सामना मोजला जाणार नाही."

"मंग मोजू नका ना, भाऊ," आबा म्हणाले. "नुसतं खेळाले या."

कप्तान हसला. मग त्याचं हसू ओसरलं. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्या गावाला जायला काय सोय आहे?"

श्रावणात ते आले. सगळेच्या सगळे, बूट काखोटीला मारून, अमळनेर स्टेशनवरून बैलगाड्यांतून. खळवाडीच्या चारही कडांना माणसं दाटीने उभी होती. मी आबांना विचारलं, मी कुणाकडून खेळू? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आते पाव्हना शे. पाव्हनास्मा खेळ." त्यांच्या बोलण्यात जराही डंख नव्हता. गाव सपाटून हरलं. संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या दिसेनाशा झाल्यावर मी म्हणालो, "आबा, आपण हरलो." ते म्हणाले, "कोन जिकनं ते जाऊ दे. त्या आपला गावले येई ग्यात ना."

त्याच थंडीत आबांनी अंथरूण धरलं. मी गेलो तेव्हा अक्का त्यांच्या पायांना तेल लावत होत्या. आबांनी मला जवळ बोलावून विचारलं, "जळगाववाला परत येतीन का रे?"

"येतील आबा. कप्तान विचारत होता."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मंग गावले सांग. दादर लवकर मळी ल्या, मैदान मोकळं पाहिजे."

दादर खळवाडीत आली तेव्हा आबा नव्हते. त्या साली मळणी मात्र कधी नव्हे इतकी लवकर उरकली, आणि श्रावणात जळगाववाले आले.