एक सूत उजवीकडे

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून जेवढ्या म्हणून तिरक्या गोष्टी आहेत, त्यांतली प्रत्येक गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांनी कधी ना कधी सरळ केलेली आहे. निदान सरळ करायला जाऊन आणखी तिरकी तरी करून ठेवलेली आहे. गृहस्थ चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. वडगाव निंबाळकरला शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली, आणि पट्टी न लावता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारणारे मास्तर म्हणून पंचक्रोशीत नाव झाले. ती रेघ पुढे त्यांच्या डोक्यात शिरली ती कायमचीच. माझ्या लग्नाच्या फोटोत मी आणि बायको हारांखाली दबून उभे आहोत आणि चौकटीबाहेरून एक हात आत येऊन माझे बाशिंग सरळ करतो आहे. तो हात मामांचा. केस कापायला गेले की स्वतःच्या डोक्याकडे त्यांचे लक्ष नसते, शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला ते सांगतात, "ओ, तुमचा डावा कल्ला एक सूत खाली हाय." सूत म्हणजे गवंड्या-सुतारांचे माप, इंचाचा आठवा भाग. मामांचा सगळा संसार त्या मापात चालतो. एकदा अशाच एका अनोळखी माणसाने न्हाव्याला दोन्ही कल्ले इतक्या वेळा सारखे करायला लावले, की शेवटी तो बिनकल्ल्यांचा घरी गेला म्हणतात.

अशा माणसाकडे पाहुणे येत ते मामींसाठी. मामींच्या हातची शेंगोळी खायला मिळणार म्हटल्यावर आमचे सगळे गणगोत कॉलर सरळ करून घ्यायला तयार असे. पिंपळीच्या अलीकडे, इंदापूर रस्ता सोडून उसातून आत गेले की त्यांचे घर. मामी गेल्या आणि लोकांना तो आत जाणारा रस्ता दिसेनासाच झाला. मामा संध्याकाळी गच्चीवर बसून मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या बघत. "ती बगा पांढरी. तुमचा साडू चालला बारामतीला. हारन बी वाजवला न्हाय," असे ते मला एकदा म्हणाले, तेही तक्रारीने नव्हे, हवामान सांगावे तसे. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर बापाला एकच सांगतो, "दादा, ती गाडी विकून टाका आता." गाडी जुनी, एअरबॅगच्या आधीच्या जमान्यातली, पण मामींना घेऊन ती पार तुळजापूरपर्यंत जाऊन आलेली.

ह्या गाडीचे स्टिअरिंग मामी गेल्यानंतर डावीकडे झुकले. म्हणजे गाडी जायची सरळ, पण सरळ जाताना चाक हातात तिरके. दुसऱ्या कुणाला ते महिनाभर कळले नसते. मामांना फाटकापाशीच कळले. बारामतीच्या गॅरेजवाल्याने सांगितले, खड्ड्यात आपटली असेल, मशीनवर लावून देतो. मामांना ते पटले नाही. "मशीन त्याचं, आकडा बी त्याचाच. आपुन नुसतं मान हालवायची व्हय?" त्यांचे स्वतःचे निदान निराळे होते. इतकी वर्षे डाव्या सीटवर मामी बसत. त्यांच्या वजनाने गाडी लेव्हलमध्ये होती. आता वजन उठले म्हणून चाक फिरले. यावर उपाय म्हणून त्यांनी पेंडीचे एक पोते मामींच्या जागेवर बसवले आणि वळणावर कलंडते म्हणून त्याला बेल्ट लावला. सिग्नलला एका पोलिसाने वाकून पोत्याकडे बघितले, मग मामांकडे बघितले. मामांनी स्वतःचा बेल्ट लावलेला नव्हता. दंड भरून पुढे आले. पोत्याने स्टिअरिंगला काही झाले नाही, पण पोते पुढे कित्येक दिवस तिथेच बसून होते. काढा म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही.

या प्रकरणात मी कसा आलो, तर माझ्याच तोंडामुळे. मी एकदा माझ्या गाडीचे वायपर स्वतः बदलले होते आणि ते नातेवाइकांत इंजिन उतरवल्याच्या थाटात सांगितले होते. आमची मुलगी बारामतीला शिकते, होस्टेलवर राहते. दर रविवारी मी इंदापुराहून तिचा डबा घेऊन जातो. ती फाटकाशी येते, डबा घेते, "बाबा, मैत्रिणी थांबल्यात," म्हणते आणि पळते. तासभर गाडी चालवून आलेला बाप तिथे उभा राहून पार्किंगवाल्याशी बोलतो. तशाच एका रविवारी परतताना, बायकोने दिलेली लसणाची चटणी पोचवायला मी आत वळलो, आणि मामांनी मला गाडीखाली घातले.

"पावनं, तुमी जानकार मानूस. मी वर चाक धरतो, तुमी खाली शिरा."

त्याआधी त्यांचा एक प्रयोग एकट्याने करून झाला होता. स्टिअरिंगचा नट सोडून चाक दांड्यावरून उपसायचे आणि दांड्यावरच्या दात्यांतला एक दाता सरकवून पुन्हा बसवायचे. पण चाक तिरके होते अर्ध्या दात्याएवढे. त्यामुळे डावीकडे झुकलेले चाक तेवढेच उजवीकडे झुकले. मामा दोन दिवस जेवले नाहीत, असे शेजारीण सांगत होती. मग चाक पूर्वीच्या दात्यावर आणून त्यांनी खरा मार्ग धरला: पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारे जे रॉड असतात, त्यांना जागच्या जागी आवळून धरणारे चेकनट ढिले करायचे, एका बाजूचा रॉड जितका आखूड करायचा तितकाच दुसऱ्या बाजूचा लांब करायचा, म्हणजे चाकांची तोंडे न बिघडता मधले स्टिअरिंग तेवढे फिरते. वाचायला सोपे आहे. मामांनी स्टिअरिंगवर आडवे उसाचे कांडे बांधले, कांड्यावर गवंड्याची लेव्हल ठेवली, आणि बुडबुड्यावर नजर लावून मला हुकूम सोडू लागले.

"डावीकडचा आखूड करा!"

"कुणाचं डावं, मामा? मी उताणा आहे."

"गाडीचं डावं!"

"गाडी तुमच्याकडे तोंड करून आहे का माझ्याकडे?"

"आवो, गाडीला काय तोंड असतंय व्हय! मामीचं डावं!"

हे मात्र मला लगेच कळले. मामींच्या बाजूचा रॉड मी पाव फेरा फिरवला, दुसरा उलटा पाव फेरा, आणि वंगणाने माखून बाहेर आलो. मग गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची, सरळ पट्ट्यात चाक बघायचे, परत यायचे. तेवढ्यात दिवस कलला. उरलेले पुढच्या रविवारी.

असे रविवार होत राहिले. कधी पाना सापडत नसे, कधी चेकनट गंजलेला म्हणून त्याला रॉकेल पाजावे लागे, कधी एक बाजू फिरवून दुसरी फिरवायची मीच विसरे आणि गाडी खेकड्यासारखी चाले. मामा चिडत नसत. चहा करत, अतिशय वाईट, आणि कपाचा कान माझ्याकडे बरोबर काटकोनात ठेवत. शाळेतल्या गोष्टी सांगत. मामींचे मात्र ते कधी बोलत नसत. फक्त 'मामीचं डावं' आणि 'मामीचं उजवं', तेवढेच. घरी माझ्या सदऱ्यांचे वाटोळे झाले. बायको मामांची भाची, ती ते धुऊन पुढच्या रविवारी एक जुनाच सदरा काढून ठेवी.

आणि मग एका रविवारी आम्ही रस्त्यावर आलो, मामांनी हात सोडले, आणि स्टिअरिंग आडव्या पट्टीसारखे सरळ राहिले. चाकाच्या दोन्ही आडव्या दांड्या एका रेघेत. गाडीही रेघेत. मी लहान पोरासारखा ओरडलो, "मामा! सरळ झालं की!"

मामांनी पुन्हा चाक धरले. समोर उसाची ट्रॉली होती, ती ओलांडायला जागा असूनही मागेच राहिले.

"व्हय," ट्रॉलीकडे बघत म्हणाले. "झालं म्हनायचं."

"झालंच! आता बारामतीच काय, पुण्यापर्यंत जा."

"पुन्याला काय हाय." गिअर बदलून म्हणाले, "म्हंजी फुडच्या रविवारी तुमी परस्पर घरी."

मी आयुष्यभर चुकीच्या वेळी खरे बोलत आलेला माणूस आहे. पण तेव्हा कसे कोण जाणे, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि चाकाकडे निरखून बघितले.

"थांबा मामा. काचेला वंगण होतं. एक सूत आहे की अजून."

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितले. चित्रकलेच्या वहीत दुसऱ्याने काढून दिलेले चित्र मास्तर ओळखतात, तसे.

"कुठल्या बाजूला?"

घ्या. आता काय सांगणार! "डावीकडे," मी ठोकून दिले.

"उजवीकडं!" मामा केवढ्यांदा तरी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उजळला. "उजवीकडं हाय एक सूत. तुमाला न्हाय दिसायचं ते. नजर लागती त्याला. या फुडच्या रविवारी, काढू."

गाडी आत वळवताना ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुमची मातर वाट वाकडी हुतीया, पावनं." वाकडी हा शब्द त्यांच्या तोंडून दुरुस्तीचा हुकूम न सोडता बाहेर पडल्याचे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. मी म्हणालो, "होऊ द्या."

ते सूत अजून निघालेले नाही. एखाद्या रविवारी मुलीची परीक्षा असते, माझे जाणे होत नाही; मग संध्याकाळी मामांचा फोन येतो. चाक आज कसे वाटले, ते सांगतात. मी रॉडचे काहीतरी सुचवतो, ते माझ्या अडाणीपणाला हसतात. मग गाडीचे बोलणे संपते. त्यांच्याकडे उसातला वारा ऐकू येतो, माझ्याकडे पंखा फिरत असतो, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.