कानबाईच्या नावाचं खातं

श्रावणातल्या त्या रविवारची संध्याकाळ मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसते. कळसाडीतल्या आमच्या घरी कुळदेवी कानबाई बसली होती. नारळावर डोळे, नथ, अंगावर हिरवं पातळ. चुलीकडून नैवेद्याच्या रोटांचा गोड धूर येत होता. धाकटी बहीण मैत्रिणीबरोबर फुगडी घालत होती, आणि तिची लाल रिबीन हवेत इतकी हळू फिरत होती की घर फिरतंय, ती थांबलीय, असं वाटावं.

त्या धुरात काकांचा मोबाइल उजळला. ते म्हणाले, "सुरतना भाऊबंदस्ले येवानं जमनं नही. त्यास्ले दखाडू."

व्हिडिओ टाकायला कानबाईच्या नावानं इंटरनेटवर खातं उघडायचं ठरलं. उघडता येत होतं फक्त बहिणीला, आणि ती सातवीत. तिनं स्वतःचं जन्मसाल टाकलं, तर वय कमी म्हणून खातं उघडेना.

"मन्हं साल टाक. कोन देखस?" काका म्हणाले.

"काका, खात्यात पोरगी बसणार आहे, तुम्ही नाही!" मी म्हणाले.

"तू तुन्हं पत्रक शहादाले वाट," काका म्हणाले, आणि अख्खी ओसरी हसली.

मी पत्रकं वाटते, खरं आहे. सोळा वर्षांखालच्या पोरांच्या हातात ही खाती नकोत, असं चौकाचौकांत उभं राहून सांगते. लोक पत्रक घेतात आणि त्यात भजी गुंडाळतात. पण त्या दिवशी पन्नाशीच्या माणसाचं वय पांघरून माझी बहीण अख्ख्या जगासमोर फुगडी घालत होती, आणि घराला ते कौतुक वाटत होतं.

भादव्यात कपाशी कमरेपर्यंत आली. सकाळचं धुकं पिवळ्या फुलांवर ओलं होऊन बसायचं. अशाच एका रविवारी बहीण माझ्यामागून शेतात आली. फुलाची पाकळी बोटांनी चुरत राहिली. मग काकांचा मोबाइल पुढे केला.

कुणीतरी लिहिलं होतं: आपली कानबाई एकच, म्हणजे मी तुझा भाऊ.

आमच्याकडे एका कुळातली माणसं सख्ख्या भावंडांसारखीच. दारात आलेल्या भाऊबंदाला पाणी आधी, ओळख नंतर. तिनंही तेच केलं. त्याला दादा म्हटलं, शाळेच्या ड्रेसमधला फोटो पाठवला. आता दादाला आणखी फोटो हवे होते. उद्या शाळेआधी शहाद्याच्या स्टँडवर एकटी थांब, नाहीतर सगळं तुझ्या बापाला पाठवतो, असं त्यानं लिहिलं होतं.

"घाबरलीस त्याला?"

"त्याले नही, ताई. आप्पा मन्ही शाया बंद करतीन."

धुकं अजून हललं नव्हतं. बारा वर्षांची पोर, तिला धमकावणाऱ्यापेक्षा शाळेवर पडणाऱ्या बापाच्या कुलपाची जास्त भीती वाटत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

संध्याकाळी दिवा लागल्यावर मी सगळं सांगितलं. आप्पांनी वाचलं. चेहरा राखेसारखा झाला.

"सकायपासून शाया बंद."

बहीण आईच्या मागे सरकली. मी मात्र पुढे झाले.

"आप्पा, रोटाचा तुकडा परक्याला देतो का आपण?"

"रोटनं काय आते?"

"देत नाही. भाऊबंद सोडून कुणाच्या ताटात पडू देत नाही. आणि पोर? ती आपणच जगाच्या ताटात वाढली. साल काकांचं, मोबाइल काकांचा, कौतुक सगळ्यांचं, आणि शिक्षा तिला? बंद करायचं ते खातं. दप्तर नाही!"

"बापशी असं बोलतस?" आप्पा ओरडले.

"तिन्हं खरं शे," आई म्हणाली. चुलीकडे तोंड करूनच म्हणाली. "मन्ही शाया असीच बंद व्हयनी व्हती. चूक कोनी करी, ते आजपावत कोनी सांगं नही."

मग काकांनी मोबाइल बहिणीकडून घेतला, तिच्याकडे न बघता. "हाऊ मन्हापाशीच ऱ्हाई. पोलिसस्ले दखाडाले लागी. साल मन्हं व्हतं, म्हनजे जबाब बी मीच देसू."

आप्पा हो म्हणाले नाहीत. उठून अंगणात गेले.

सकाळी बसथांब्यावर आम्ही चौघं. उसाच्या शेतांवरून धुकं वाहत होतं, आणि त्यातून एसटी आली ती आधी आवाज होऊन, मग दिवे होऊन. आप्पा आधी चढले, मग वाकून त्यांनी बहिणीचं दप्तर वर ओढून घेतलं. शहाद्याच्या स्टँडवर ती एकटी उतरली नाही. आप्पा तिच्या एका बाजूला, काका दुसऱ्या. मी मागे, माणसांचे चेहरे तपासत. यातला कोण? कदाचित कुणीच नाही.

शाळेच्या फाटकाशी आप्पा थांबले. थांबलेच.

"आप्पा, आते तुम्ही जा," ती हळूच म्हणाली. "पोरी दखी ऱ्हायन्यात."

त्यांनी दप्तर तिच्या खांद्यावर चढवलं. ती आत गेली, मग घंटा झाली, आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्याकडे वळलो.