सूचकाची रिकामी ओळ

मी राग विसरत नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात; माझा निवला नाही, चांगला मुरला. एका माणसावरचा राग मी नऊ वर्षं शिलाई मशीनवर बसून जपला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी मला भाबडी बाई समजेल, आणि ते मला चालणार नाही.

अमडापूरला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान जितकं जुनं, तितकंच पार्टीतलं माझं काम जुनं. सभेला बायका गोळा करायच्या, सतरंज्या अंथरायच्या, पुढारी उशिरा आला तर तोवर गाणी म्हणून लोकांना थोपवून धरायचं. हे सगळं मी आवडीनं केलं. त्यात कोणावर उपकार केले असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या पार्टीत तालुका अध्यक्षाची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. होते म्हणजे कागदावर होते. आजवर मत असं एकही पडलं नव्हतं. एकच अर्ज यायचा, टाळ्या वाजायच्या, हार पडायचा. याचा आमच्याकडे भारी अभिमान. दुसऱ्या तालुक्यात खुर्च्या फेकतात, आपल्याकडे कसं सगळं बिनविरोध, असं माणसं छाती फुगवून सांगायची.

या बिनविरोधची एक रीतही होती. उमेदवार स्वतः अर्ज द्यायला जात नसे, कारण स्वतःसाठी मागणं बरं दिसत नाही. त्याचं नाव सुचवणारा, म्हणजे सूचक, अर्ज घेऊन जायचा. उमेदवार घरी बसायचा आणि मग ढोल वाजवत त्याला नवरदेवासारखं आणायचे. दुसऱ्या कोणी चुकून अर्ज भरलाच, तर त्याची समजूत काढायची. तो माघार घ्यायचा, आणि मन साफ आहे हे दिसावं म्हणून त्यालाच सूचक करायचे. वर शाल आणि नारळ.

नऊ वर्षांपूर्वी तो चुकून अर्ज भरणारा माणूस मी होते.

तेव्हाही अध्यक्ष भाऊच होते. खत-बियाण्यांचं दुकान, पांढरे कपडे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणतो म्हणून मीही म्हणते. निवडणुकीच्या दोन दिवस आधी मी अर्ज भरला, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले.

"ताई, तुमच्या हातचा चहा प्यायले आलो," ते म्हणाले.

मी चहा केला. दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि खिशातून माघारीचा कागद काढला.

"आपल्या तालुक्यात मतदान झालं तं लोकं काय म्हणतीन? बिनविरोधची परंपरा हाय आपली. या खेपेले माघार घ्या. पुढच्या खेपेले तुमीच."

ते इतक्या आपुलकीनं बोलले की मला माझ्या अर्जाचीच लाज वाटली. मी सही केली. मग त्यांनी उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. सही होईपर्यंत कप तसाच होता, हे माझ्या ध्यानात आहे.

स्टेजवर त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माइकवर सांगितलं, "ताईंनी मोठ्या मनानं माघार घेतली." घरी येऊन शालीची घडी उलगडली तर काठाला माझीच पिको. आठवडाभर आधी भाऊंच्या दुकानातून शालींचा गठ्ठा काठ मारायला आला होता, त्यातलीच ती एक. म्हणजे मी अर्ज भरायच्या आधीच शाली तयार होत्या. कोणीतरी माघार घेणारच, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं नाही. हातात कात्री होती आणि शाल फाडावीशी वाटली. फाडली नाही. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली.

पुढची खेप आली. मी आठवण करून दिली. भाऊ हसले.

"आता काऊन घाई करून राह्यल्या ताई? तुमी कुठी पळून जाऊन राह्यल्या का?"

पुन्हा मी सूचक. तिसऱ्या खेपेला तर मी विचारलंही नाही. त्या वर्षी ते माइकवर म्हणाले, "ताई म्हंजे आपल्या कायमच्या सूचक!" सगळा हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या माझ्याच आणलेल्या बायका हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्याचा राग मला आजही त्यांच्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे.

यंदा चौथी खेप. निवडणुकीच्या आठवडाभर आधी एसटीच्या कंडक्टरनं माझ्या दुकानात एक पाकीट आणून दिलं. आत भाऊंचा अर्ज. त्यावर त्यांची सही होती, अनुमोदकाची सही होती, आणि सूचकाची ओळ माझ्यासाठी रिकामी. सोबत खाडाखोड झाली तर असावा म्हणून एक कोरा अर्जही होता. मागून भाऊंचा फोन आला.

"ताई, सही करून घेजा अन् नेऊन देजा. मी काही येत नाई."

नऊ वर्षांपूर्वी निदान चहाला तरी आले होते.

फोन ठेवला आणि मी ठरवलं. सही करायची नाही. अर्ज मात्र नेऊन द्यायचा. नको म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा सूचक पाहिला असता, कोणीही मिळाला असता. पण मी सही करणार नाही, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. माझी सही त्यांनी स्वतःची वस्तू समजून ठेवली होती. तिथेच त्यांना धरायचं होतं. आणि त्यांच्याच कोऱ्या अर्जावर मी माझं नाव लिहिलं.

मला सूचक आणि अनुमोदक हवे होते. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानापुढे बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या चाची पार्टीच्या जुन्या सभासद. त्यांना अर्ज दाखवला.

"सही कुठी करू, बाई?" त्यांनी विचारलं. आधी सही केली आणि मग म्हणाल्या, "अन् भाऊ इचारतीन तं?"

"सांगजा, बाईनं मांगतली म्हणून देली."

त्या इतक्या हसल्या की हातातल्या बांगड्या खाली पडता पडता राहिल्या.

दुसरी सही बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या निवृत्त गुरुजींची. पार्टी त्यांना दर सभेला पहिल्या रांगेत बसवायची आणि भाषण कधीच करू द्यायची नाही. गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले नियमही वाचले. एका नियमावर बोट ठेवलं. मुदतीनंतर अपूर्ण अर्जात दुरुस्ती करता येणार नाही.

"ताई, हे वाचलं का?"

"वाचलं. म्हणूनच तं आली."

त्यांनी चष्मा पुसला. "मी जिंदगीभर पोरायचे पेपर तपासले," ते म्हणाले. "कोऱ्या जागेले मार्क देता येत नाई." आणि सही केली.

निवडणुकीच्या दिवशी ट्रंकेतून शाल काढून पिशवीत टाकली आणि सकाळच्या बसनं तालुक्याला गेले. स्टँडसमोर भाऊंच्या फोटोचं बॅनर आधीच झळकत होतं. बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन! खाली शुभेच्छुकांत माझाही फोटो, मला न विचारता छापलेला, डोळे अर्धे मिटलेला. उरलीसुरली दया तिथेच संपली.

मंगल कार्यालयात पार्टीनं पाठवलेले निरीक्षक बसले होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, किडकिडीत, घड्याळ टेबलावर काढून ठेवलेले. साडेअकराला मी दोन्ही अर्ज दिले. त्यांनी भाऊंचा अर्ज पाहिला, मग मला पाहिलं.

"बारापर्यंत वेळ आहे, बाई. एकदा बघून घ्या," ते म्हणाले.

"बघितलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी दोन पावत्या दिल्या. भला माणूस होता, त्यानं इशारा दिला होता. मी खुर्चीवर जाऊन बसले. तो अर्धा तास फार लांब गेला. उठून एक सही करायची होती, पेन पिशवीतच होतं. भाऊंच्या माणसानं येऊन विचारलं, "ताई, देला का अर्ज?" "देला," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. बारा वाजले तेव्हा तळहात पदराला पुसले.

एकला ढोल वाजवत भाऊ आले. हारांची टोपली टेबलाखाली, पेढ्यांचे डबे टेबलावर. निरीक्षक उभे राहिले. "दोन अर्ज आले आहेत," ते म्हणाले, आणि ढोलवाल्याला थांबा म्हणून हात केला. "पहिल्या अर्जावर सूचकाची सही नाही. अर्ज बाद."

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. कोणाचा बाद? निरीक्षकांनी भाऊंचं नाव वाचलं. मग दुसरा अर्ज वैध म्हणून माझं नाव वाचलं.

"सही राह्यली असन!" भाऊ उठले. "ताई समोरच बसेल हायत. आता घ्या."

"बारा वाजून गेले," निरीक्षक म्हणाले.

भाऊ माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर अजून राग नव्हता. मी विसरले असंच त्यांना वाटत होतं, म्हातारी बाई, विसरली.

"ताई, सही काऊन राह्यली?"

"राह्यली नाई, भाऊ. म्या तुमचं नाव सुचवलंच नाई."

तेव्हा कुठे त्यांना समजलं. तो चेहरा मी नऊ वर्षं मनात काढून पाहिला होता. खरा त्याहून बरा निघाला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटातून आनंद झाला.

पण माघारीची मुदत तीनपर्यंत होती. मी माघार घेतली असती तर निवडणूक रद्द होऊन पुन्हा झाली असती, आणि भाऊ पुन्हा उभे राहिले असते. दोन तास सगळे माझ्याभोवती. कोणी म्हणालं, धोका दिला. दिला. कोणी म्हणालं, या वयात शोभतं का. शेवटी भाऊ स्वतः आले. दोन चहा मागवले, माझ्याशेजारी खुर्ची ओढली, आणि तोच आपुलकीचा आवाज काढला.

"ताई, असं करू नका. आपल्या तालुक्याची परंपरा..."

"बिनविरोधचीच ना?" मी म्हटलं. "मंग होऊ द्या बिनविरोध. एकच अर्ज हाय."

त्यांनी माघारीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी माझा चहा उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. कागद टेबलावर तसाच पडून राहिला. टेबलावरच्या घड्याळात तीन वाजले.

निरीक्षकांनी निकाल सांगितला. टाळ्या चाचींनी सुरू केल्या, मग गुरुजींनी, मग बायकांनी. मग सगळ्यांनीच, कारण हार आणून ठेवलेले होते आणि कोणाला तरी ते घालायचेच होते. रीतीप्रमाणे पहिला हार बाजूला झालेल्या माणसानं घालायचा. भाऊंनी घातला. माझ्या केसांत फुलं अडकली.

मग मी पिशवी उघडली. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पहिल्या रांगेपर्यंत गेला असणार. मी ती उलगडून त्यांच्या खांद्यावर टाकली, माझी पिको असलेला काठ नीट पुढे आणला आणि माइक घेतला.

"भाऊंनी मोठ्या मनानं वाट मोकळी केली," मी म्हटलं.

फोटो काढणाऱ्यानं जवळ या, जवळ या म्हटलं. मी जवळ गेले. माइक खाली धरला आणि त्यांच्याच आवाजात, तितक्याच आपुलकीनं म्हटलं,

"पुढच्या खेपेले तुमीच, भाऊ."