सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग

एका गेमला मी जितक्या शिव्या घातल्यात, तितक्या दूध सांडणाऱ्या मांजरालाही घातल्या नसतील. गेम तसा नेहमीच्याच जातीचा. आपण कथेतला एक माणूस व्हायचं, सोबत तीन जण घ्यायचे, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, वाटेत लढायचं आणि शेवटी कसलं तरी मोठं काम तडीस न्यायचं. असले गेम मी कॉलेजात असल्यापासून खेळते. तलासरीच्या बाजारात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, तिशी उलटलीय, आणि पाड्यावरच्या बायका तोंडावर विचारतात की एवढी घोडी झालीस, अजून खेळणी कसली घेऊन बसतेस. मी म्हणते, तुम्ही मालिका बघता ना, मग झालं. विषय तिथेच मिटतो.

कुठलाही गेम आवडला नाही तरी त्यात एक तरी चांगली गोष्ट शोधायची, अशी माझी सवय आहे. ही सवय मला स्थळं घेऊन येणाऱ्या काकींनी लावली. पोरगा काही कमवत नसला तर त्या म्हणतात, स्वभावाने गरीब आहे. स्वभावानेही गरीब नसला तर म्हणतात, घर अगदी रस्त्याला लागून आहे. मी गेमचं तसंच करते. गोष्ट टुकार असली तर चित्रं बरी म्हणायची, चित्रंही टुकार असली तर संगीत. ह्या एका गेममध्ये मात्र रस्त्याला लागून असलेलं घरसुद्धा सापडत नव्हतं. त्यातला एकुलता एक गुण मला कळला तो मी बाबांना घरात टाकून एकटी बाहेर पळाले त्यानंतर. म्हणून हे लिहायला बसलेय, नाहीतर गेमवर लिहायला मला काय वेड लागलंय.

वापीला राहणाऱ्या मावसभावाने आपलं जुनं, हातात धरून खेळायचं मशीन मला दिलं, त्यात हा गेम होता. चार जणांची टोळी एका बुडालेल्या देवळाची घंटा पुन्हा ओतायला निघालेली. एक तलवारवाली, ती मी. एक तिरंदाज, एक वैदू, आणि एक म्हातारा ओतारी. घंटा ओतणं फक्त त्यालाच येत असल्यामुळे त्याला टोळीतून काढता येत नाही. आणि चालायला लागावं तर चार पावलांवर स्क्रीन थरथरते आणि काही नसताना समोर लांडगे उभे. त्यांना मारून पुढे जावं तर पुन्हा चार पावलं, पुन्हा थरथर. सुखाने कुठे पोचणं म्हणून नाही.

लढायचं नसेल तर पळायचं बटण असतं. पण ह्या गेममध्ये प्रत्येकाने आपापलं पळायचं नाही. अख्ख्या टोळीने एकदम पळायचं, आणि टोळीचा वेग म्हणजे सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग, असा नियम. माझा वेग एकोणीस. म्हाताऱ्याचा तीन. त्यामुळे बटण दाबलं की दहातल्या आठ वेळा खाली ओळ यायची: टोळी निघू शकली नाही. आणि लांडगे आम्हा चौघांनाही फाडायचे. एकदा मी वैतागून मोठ्याने म्हणाले, मर ना थेरड्या एकदाचा. बाबा ओटीवर बसले होते. कोणाला बोलतेस गो बाय, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेममधल्या एका म्हाताऱ्याला, त्याला चालवत नाही. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, त्याचापण गुडघाच असेल.

बाबा गवंडी. डहाणूपासून गंजाडपर्यंत त्यांच्या हातच्या भिंती उभ्या आहेत. डहाणूलाच एका कामावर परांचीवरून पडले आणि उजवा गुडघा गेला. तेव्हापासून खाली बसले की उठायला त्यांना खांब लागतो, नाहीतर माझा खांदा. आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. आमचं घर हे पाड्यावरचं पहिलं विटांचं घर. ते बाबांनी एकट्याने, दुसऱ्यांची कामं सांभाळून, चार उन्हाळ्यांत बांधलं. त्याआधीचं कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं घर मागे तसंच आहे, त्यात बकऱ्या बांधतो.

मग त्या हिवाळ्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडावा तसा, आणि मागोमाग मांडणीवरची भांडी वाजायची. पहिले काही दिवस आम्ही हायवेवरच्या ट्रेलरला बोल लावला. नंतर कोणी कोणाला फसवायच्या भानगडीत पडलं नाही. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायला लागले, तंबूही आले. डहाणू आणि तलासरीच्या मधल्या सगळ्या पाड्यांवर हीच तऱ्हा. बाबा मात्र घराबाहेर पडायला तयार नाहीत. मी बांधलेलं घर आहे, नाय पडत, एवढंच बोलायचे. भिंतीला चीर गेली की सकाळी लोक उठायच्या आत थापी घेऊन ती बुजवून टाकायचे. मी रोज भांडायचे. जिवापेक्षा विटा मोठ्या झाल्या का, म्हणायचे. मागे कुडाचं घर आहे, ते हललं तरी डोक्यात पडणार नाही, तिथे झोपू. बकऱ्यांच्या जागेत मी झोपू का, असं म्हणून बाबा माझ्याकडे बघायचे.

शेवटी मीही हट्टाला पेटले. तुम्ही येत नाही तर मीही आतच राहणार, म्हटलं. आणि हे मी पाड्यावर सगळ्यांना सांगत सुटले. क्लासमध्ये सांगितलं, रिक्षात सांगितलं. बाबांना सोडून मी कुठे जाणार, असं म्हणताना मला फार बरं वाटायचं. शेजारच्या काकी तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की पोरगी असावी तर अशी.

तो रविवार होता. दुपारी वालाचं कालवण आणि भात झाला, बाबा आतल्या खोलीत चटईवर आडवे झाले. मी ओटीवर तो मेला गेम घेऊन बसले होते. स्क्रीन थरथरली, लांडगे आले. मी पळायचं बटण दाबणार इतक्यात जमिनीखालून आवाज आला, आणि ह्या वेळी तो थांबलाच नाही. आतली अख्खी मांडणी भांड्यांसकट खाली आली. पुढचं मला आठवत नाही, आणि तेच वाईट आहे. मी पळायचं ठरवलं असं काही झालंच नाही. मला कळलं तेव्हा मी अंगणाच्या पार टोकाला, आंब्याखाली उभी होते, अनवाणी, आणि गेम हातात घट्ट धरलेला होता. गेम आणला होता मी बाहेर.

काकी त्यांच्या ताडपत्रीखालून धावत आल्या. "बापूस कुठं?" त्यांनी विचारलं.

 खरं सांगते, त्या कोणाच्या बापाबद्दल विचारतायत हेच मला क्षणभर कळेना.

मग बाबा दारात आले. भिंतीला हात लावत, डोक्यावर आणि खांद्यावर गिलाव्याचा चुरा, पायात चपला. काकींचं तोंड उघडायच्या आत ते बोलले. "मीच तिला म्हटलं, तू हो पुढे, मी येतो मागून."

ते असं काही म्हणालेच नव्हते. त्यांना माहीत होतं आणि मलाही. काकी म्हणाल्या, शहाणपण केलंत, दोघं एकदम दारात अडकला असता. मी मान हलवली. त्या खोट्यात मी मान हलवून सामील झाले.

ऊन उतरायच्या आत बाबांनी स्वतःहून आपली वळकटी काखेत मारली आणि कुडाच्या घरात नेऊन ठेवली. बकऱ्या मांडवाखाली बांधल्या. इतके दिवस ज्यासाठी घसा फोडला ते एका शब्दाशिवाय झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यानंतर बाबा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले, किंवा मीच त्यांच्याशी. भिंतीतल्या मोठ्या चिरेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, थापी कोनाड्यात पडून राहिली.  एकच गोष्ट डोक्यात घुमत राहायची. त्यांनी हाक का मारली नाही? खोली ती केवढी, ओटी ती केवढी. नुसतं बाय म्हटलं असतं तरी ऐकू आलं असतं. मग एक दिवस उत्तर मिळालं असं वाटलं, आणि ते वाटल्यावर मी क्लासमध्ये चालू तासाला उठून बाहेर गेले. पोरगी येणार नाही हे त्यांनी ओळखलं असेल, म्हणून हाक वाया घालवली नसेल.

दहा-बारा दिवसांनी मी मशीन पुन्हा हातात घेतलं. खेळायची इच्छा नव्हती, हातांना काहीतरी हवं होतं. खेळ मागच्या वेळी जतन केला होता तिथून सुरू झाला. चार पावलं, थरथर, लांडगे. बटण दाबलं. खाली तीच ओळ आली. टोळी निघू शकली नाही.

ही ओळ मी तोवर शंभरदा तरी वाचली असेल. म्हातारा निघू शकला नाही असं ती कधीच म्हणत नव्हती. टोळी. आम्ही चौघं. चाळीसेक तास खेळून झाले होते आणि त्या गेमने मला म्हाताऱ्याला मागे टाकून जायची एकदाही सोय दिली नव्हती. माझे जे लाडके गेम आहेत त्यांच्यात एकट्याने सटकता येतं, दमलेल्याला तिथेच सोडता येतं, आणि मी ते किती वेळा केलंय याची गणती नाही. त्याला मी चांगला गेम म्हणायचे. आणि ह्याच्या ज्या खोडीपायी मी त्याला शिव्या घालत होते ती खोड त्या रविवारी माझ्या अंगात असायला हवी होती. बनवणाऱ्याने मुद्दाम केलं असेल की आळसापोटी, देव जाणे. मी कुडाला टेकून ढसाढसा रडले. एक बकरी येऊन माझी ओढणी चघळत उभी राहिली.

त्यानंतर मी तो गेम जिद्दीने खेळायला घेतला. वेग वाढवणारी औषधी मुळं सापडली की सगळी म्हाताऱ्याला. त्याचा वेग तिनाचा पाच झाला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं, काय सांगायचं. पण बाबांशी बोलायची हिंमत होईना. गेममधल्या म्हाताऱ्याला मुळं चारणं सोपं असतं.

धक्के कमी झाले, पण पुरते थांबले नाहीत, आजही अधूनमधून येतात. आम्ही झोपायला कुडात आणि दिवसा स्वयंपाकाला विटांच्या घरात, असं चाललं होतं. असंच एकदा सकाळी मी अंगणात नाचणी पाखडत होते आणि बाबा आत चहा पीत होते. आवाज आला, भांडी वाजली. सूप हातातून पडलं आणि ह्या वेळी पाय घराकडे वळले. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. धक्का बारीक होता आणि मी आधीच बाहेर होते, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. बाबा खांबाला धरून उभे होते. मी त्यांचा हात धरला.

ते म्हणाले, "तू हो पुढे." ह्या वेळी खरंच म्हणाले.

मी नाही म्हटलं. तर हे आपले पायाने चपला शोधतायत. एक सापडली, दुसरी खाटेखाली. वर पत्रा वाजतोय आणि हा माणूस वाकून खाटेखाली काठी घालतोय. माझं डोकंच सटकलं, मेल्या चपला राहू देत म्हणून मी ओरडले, पण हात सोडला नाही. दुसरी चप्पल घालून झाली, मग आम्ही निघालो. एक पाऊल, गुडघा, मग दुसरं पाऊल. उंबऱ्याशी पोचेपर्यंत धक्का केव्हाच थांबला होता.

अंगणात सांडलेल्या नाचणीत कोंबड्या शिरल्या होत्या. मी त्यांना हाकलायला गेले नाही. बाबांना आंब्याखालच्या दगडावर बसवलं, आणि जिथे त्या रविवारी उभी होते तिथेच उभी राहून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही हाक का नाही मारली?"

 त्यांनी आधी उजवा पाय हाताने उचलून सरळ केला. मग एखाद्या मजुराला मालाचं प्रमाण सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "हाक मारली असती तर तू परत आली असतीस."

मी खाली बसले आणि नाचणी गोळा करायला लागले. मी परत आले असते का, हे मला माहीत नाही. मी रोज विचार करते आणि रोज माहीत नसतं. त्यांना मात्र खात्री होती, आणि तेवढ्या खात्रीपायी ते आतल्या चौकटीला धरून, अंगावर गिलावा पडत असताना, तोंड मिटून उभे राहिले होते.